घरगुती खोल्यांची वेबसाइट: कोटेशन, हप्ते आणि वर्षाने आलेलं रिन्यूअल

आधी आकडे सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढचं वाचत बसायला नको. वेबसाइट करणाऱ्याला २६,००० रुपये दिले, तीन हप्त्यांत. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंगचे (साइट जिथे ठेवतात त्या जागेचे) पहिल्या वर्षाचे २,६९९ मी वेगळे भरले, माझ्याच खात्यातून. गेल्या जूनमध्ये काम दिलं, दिवाळीच्या आधी साइट सुरू झाली, आणि आता मे संपता संपता दुसऱ्या वर्षाचं बिल मेलवर येऊन पडलंय: ६,६५२. काम सोपं झालं, साइट चालते, मी समाधानी आहे. पण बाजारात जे दर सांगतात ते ऐकून कुणालाही हा हिशेब लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्यात घर आणि वाडी. जून २०२० च्या निसर्ग वादळात माड-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून पाहुण्यांच्या चार खोल्या हाच मुख्य धंदा. दिवाळी, नाताळ, फेब्रुवारीपासून कासवं बघायला येणारी मंडळी आणि मग मे महिना. पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत खोल्यांना कुलूप. गणपतीत घर भरतं खरं, पण ते घरच्याच माणसांनी. म्हणजे वर्षातले चार महिने पैसा फक्त जातो, येत नाही. वेबसाइटचे पैसे किती, याच्याइतकंच ते कधी द्यायचे हेही माझ्यासाठी मोठं होतं.

चार कोटेशनं आली. ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा सहा हजारांत करून देतो म्हणाला. पुण्याची एक कंपनी ३८,००० अधिक जीएसटी. तिसरी कंपनी महिन्याला १,४९९ अधिक जीएसटी, सुरुवातीला काहीच नको. आणि चिपळूणचे दोन तरुण, स्वतःचं छोटं ऑफिस आहे, त्यांनी २६,००० सांगितले. आम्ही आंब्याच्या पेटीचा भाव ठरवताना वाहतूक कुणाची ते आधी विचारतो, तसं प्रत्येकाला विचारलं: यात डोमेन आलं का, होस्टिंग आलं का, मजकूर कोण लिहिणार, फोटो कुणाचे, दुरुस्त्या किती वेळा, आणि दुसऱ्या वर्षी किती? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर एकाच ठिकाणाहून आलं.

जीएसटीचं आधी सांगते, कारण यात आमच्यासारखे लहान लोक नाहक फसतात. वेबसाइटच्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याची स्वतःची नोंदणी आहे त्याला तो सहसा आपल्या भरायच्या जीएसटीतून वळता करून घेता येतो. आमची उलाढाल सेवांसाठीच्या वीस लाखांच्या मर्यादेच्या खूप आत, नोंदणी नाही, त्यामुळे ते १८ टक्के आमच्या खिशातूनच. पुण्याचे ३८,००० म्हणजे प्रत्यक्षात ४४,८४०. चिपळूणच्या मुलांचीही नोंदणी नव्हती, म्हणून त्यांचे २६,००० म्हणजे २६,०००च, साध्या बिलावर. पण एकाने (कोण ते राहू दे) फोनवर सांगितलं, "काकू, बिल नको असेल तर जीएसटी लावत नाही." मी म्हटलं, बिल नको असं मी कधी म्हटलं? उद्या काम अर्धवट राहिलं तर हातात कागद कुठला? ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याने बिलावर क्रमांक टाकायलाच हवा, आणि तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

महिन्याच्या योजनेवर मी बराच विचार केला, कारण पहिल्या नजरेला ती आम्हांलाच सोयीची वाटते. १,४९९ वर जीएसटी धरून १,७६९. वर्षाचे २१,२२६. पहिल्या वर्षापुरतं बघितलं तर माझ्या खर्चाहून स्वस्त, आणि बारीकसारीक दुरुस्त्या त्यातच. हे खोटं नाही. पण किमान दोन वर्षांची अट, डोमेन त्यांच्या नावावर, आणि पैसे थांबले की साइट बंद. तीन वर्षांचे ६३,६७८ होतात. माझे तीन वर्षांचे, होस्टिंगचा वाढलेला दर धरूनही, ४२,००० च्या आसपास. शिवाय जून ते सप्टेंबर एकही पाहुणा नसताना सात हजार रुपये आपोआप कापले जाणार. ज्यांचं दुकान बारा महिने चालतं, दापोलीतला मेडिकलवाला किंवा खेडमधला क्लासवाला, त्यांनी ही योजना जरूर बघावी. हंगामी धंद्याला ती नडते.

या आपोआप कापण्याबद्दल एक चांगली गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या निदान चोवीस तास आधी आपल्याला सूचना यावी लागते, आणि यूपीआयवर दिलेली परवानगी अ‍ॅपमधून आपल्याला रद्द करता येते. कंपनीच्या कस्टमर केअरची मिनतवारी करावी लागत नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे परदेशी कंपनीकडे होस्टिंग घेऊन कार्ड जोडून निर्धास्त बसलात तर रिन्यूअलच्या दिवशी पैसे अडकू शकतात. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी हे बरं. आमच्याकडे ती दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिलेली आहे.

पुण्याच्या कंपनीने "नो कॉस्ट ईएमआय" देऊ केला होता. नवरा म्हणाला, बिनव्याजी आहे तर घेऊया. मी बँकेचं पान उघडून बघितलं. व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत दाखवतात. वर त्या व्याजावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. रक्कम फार नाही, तीनचारशे इकडेतिकडे. माझी हरकत वेगळीच होती. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयमध्ये कंपनीला सगळे पैसे पहिल्याच झटक्यात मिळतात. हप्ते आपले आणि बँकेचे. कामाचा आणि हप्त्याचा काही संबंध उरत नाही. साइट अर्ध्यावर लटकली तरी बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला जाणारच. हप्ते देताना करणाऱ्यावर थोडा धाक राहावा एवढीच अपेक्षा असते, आणि इथे नेमका तोच जातो.

म्हणून चिपळूणच्या मुलांशी बसून हप्ते कामाला बांधले. काम सुरू करताना ३० टक्के, ७,८००. सगळी पानं तयार होऊन मोबाइलवर नीट दिसली की ४० टक्के, १०,४००. शेवटचे ७,८०० साइट सुरू झाल्यावर, पण ते जानेवारीत, नाताळची गर्दी ओसरल्यावर. शेवटच्या अटीला तो मुलगा जरा कचरला. "वहिनी, तीन महिने थांबायचं?" मी म्हटलं, अरे, पावसाळ्यात तुम्हांलाही कामं कमी असतात, आत्ता आगाऊ रक्कम मिळतेय ना. कबूल झाला. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलण्यात न ठेवता एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. त्यात दुरुस्त्यांचंही लिहिलं: मांडणी बदलायच्या दोन फेऱ्या मोफत, त्यापुढे फेरीला पाचशे, शुद्धलेखनाच्या चुका या मोजणीत धरायच्या नाहीत.

ते शेवटचं वाक्य सासूबाईंमुळे आलं आणि कामाला आलं. मराठी पान हवंच असा त्यांचा हट्ट होता. पहिला नमुना आला तेव्हा न्याहारीच्या यादीत "घाऱ्या" होत्या त्या "घार्या" झालेल्या, "सुपाऱ्या"ची तीच गत, आणि शीर्षकांचा फॉन्ट इतका बारीक की "कड्यावरचा गणपती" मधला जोडलेला ड काळ्या ठिपक्यासारखा दिसत होता. मुलांनी इंग्रजीसाठी घेतलेला फॉन्ट मराठीला तसाच लावला होता. फॉन्ट बदलून, मजकूर परत भरून द्यायला आठवडा लागला. लिहून घेतलं नसतं तर ती एक फेरी मोजली गेली असती. तुम्ही मराठी पान करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी रफाराच्या आणि जोडाक्षरांच्या पाचदहा शब्दांची यादी त्यांच्याकडून साइटवर टाकून घ्या. साध्या, जुन्या मोबाइलवर बघा.

डोमेन आपल्या नावावर हवं, हे सगळेच सांगतात. पण "नावावर" म्हणजे काय ते नीट बघावं लागतं. बिल माझ्या नावाने असणं पुरेसं नाही. ज्या खात्यातून डोमेन घेतलं त्याचा ईमेल आणि मोबाइल माझा असायला हवा, आणि मालक म्हणून माझं नाव नोंदलेलं हवं. मी लॅपटॉप पुढ्यात घेऊन, तो मुलगा फोनवर सांगत असताना, स्वतः खातं उघडलं आणि स्वतः पैसे भरले. त्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश दिला. पलीकडच्या गावात एकांचं डोमेन त्यांच्या डिझायनरच्या खात्यात होतं. तो गाव सोडून गेला, फोन उचलेना, मुदत संपली. पाहुण्यांना दिलेल्या कार्डांवर तोच पत्ता छापलेला. खातं आपलं असेल तर दुसरीकडे जाताना लागणारा कोड आपल्यालाच मिळतो, कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

आता रिन्यूअल. होस्टिंग पहिल्या वर्षी महिना १४९ रुपयांनी पडलं, .इन डोमेन ४९९ ला. दोन्हीवर जीएसटी, मिळून २,६९९. दुसऱ्या वर्षी तेच होस्टिंग महिना ३९९ आणि डोमेन ८४९, म्हणून ६,६५२. हा दर पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरांत असतो, जाहिरातीत नसतो. पहिल्या वर्षी एकदम तीन वर्षांचं भरलं तर होस्टिंगचा सवलतीचा दर सहसा तीनही वर्षं मिळतो, पण जूनमध्ये तेवढे पैसे एकदम अडकवायची माझी तयारी नव्हती. ज्यांची आहे त्यांनी अवश्य भरावेत. आणखी एक: साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एसएसएलसाठी, कुणी वर्षाला दोनतीन हजार वेगळे मागत असेल तर विचारा कशासाठी. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपणहून लावून देतात. एका कोटेशनात "सिक्युरिटी २,५००" अशी ओळ होती, ती हीच निघाली.

वर्षाच्या देखभालीचे सहा हजार सांगितले होते, ते घेतले नाहीत. खोल्यांचे दर, मेनू, फोटो मी स्वतः बदलते. मे महिन्याचे दर एप्रिलात एका दुपारी बदलले. मोठं काही अडलं तर कामागे चारशे द्यायचे ठरले आहेत. याचा तोटाही सांगते. नाताळच्या आठवड्यात साइट बंद पडली आणि मुलांनी दुसऱ्या दिवशी फोन घेतला. करार नव्हता, त्यामुळे रागावायलाही जागा नव्हती. बिघाड होस्टिंगकडचा होता, पण ते मला कुणीतरी सांगायला हवं होतं. ज्यांचं सगळं बुकिंग साइटवरूनच होतं त्यांनी देखभालीचे पैसे द्यावेत असं माझं मत झालंय.

पाहुण्यांकडून पैसे घेण्याची सोय साइटवर हवी का, यावर घरात बरीच खडाजंगी झाली. पेमेंट गेटवे जोडायचे मुलांनी ३,५०० वेगळे सांगितले. गेटवेचा नेहमीचा दर दोन टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे दोन हजारांच्या आगाऊ रकमेवर ४७ रुपये. पैसे दोनतीन कामाच्या दिवसांनी खात्यात येतात. पाहुण्याने बुकिंग रद्द केलं आणि आपण पूर्ण रक्कम परत दिली, तरी गेटवेची फी सहसा परत मिळत नाही. शिवाय खातं मंजूर होण्यासाठी साइटवर रद्द करण्याचे नियम, गोपनीयतेचं पान, पत्ता हे सगळं असावं लागतं. आम्ही गेटवे जोडला नाही. साइटवर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आहे; तारीख मोकळी असेल तर मी क्यूआर पाठवते, पाहुणा यूपीआयने आगाऊ रक्कम देतो, खर्च शून्य. क्रेडिट कार्डच वापरायचा आग्रह असेल त्यांना पेमेंट लिंक पाठवते. तिला साइटमध्ये काही जोडावं लागत नाही. रद्द करण्याच्या नियमांचं पान मात्र करून घेतलं, आणि त्याने वाद खरंच कमी झाले.

पैसे वसूल झाले का? बुकिंगच्या अ‍ॅपवाल्यांना आम्ही १८ टक्के कमिशन आणि त्यावर जीएसटी देतो. पाच हजारांच्या मुक्कामामागे १,०६२ जातात. त्या हिशेबाने साधारण सत्तावीस थेट बुकिंगं आली की पहिल्या वर्षाचा खर्च निघतो, आणि तो मार्च सरायच्या आत निघाला. पण सगळं श्रेय साइटला देणार नाही. बरेच पाहुणे गूगलच्या नकाशावर आमचं नाव बघून आले, आणि ती नोंद फुकट आहे. साइट त्यांनी नंतर उघडली, खोल्या आणि संडास-बाथरूमचे फोटो बघायला. ज्यांचं बजेट खरोखरच नाही त्यांनी आधी ती नोंद नीट करावी, फोटो टाकावेत, आणि एक हंगाम जाऊ द्यावा.

अ‍ॅप आम्ही सोडलेलं नाही. आडदिवशीच्या खोल्या अजून तिथूनच भरतात.

आता आमसुलं, आंबापोळी आणि हापूसच्या पेट्यांचं पान वाढवायचंय. मुलांनी ९,००० सांगितलेत. त्या पानावर मात्र गेटवे लागेल, कारण पेटी मागवणारा मुंबईतला माणूस रात्री अकरा वाजता ऑर्डर देतो आणि तेव्हा मी क्यूआर पाठवायला जागी नसते. पहिला हप्ता गणपतीनंतर देते म्हटलंय, पान फेब्रुवारीत तयार हवं, आणि शेवटचा हप्ता मेच्या अखेरीस. त्यांचं उत्तर यायचंय.