राजमाची, कलावंतीण, बेलापूरचा कातळ की कोलाडची नदी: आधी परतीची वाट बघा

दिवाळी सरल्यावर माझ्या डोंबिवलीच्या भाचीचा मेसेज आला. "मामा, एकच रविवार मोकळा आहे, आम्ही चौघी आहोत. डोंगर चढायचा, दोराला लटकायचं की नदीत उतरायचं? तू सांगशील ते." सोबत कलावंतिणीच्या पायऱ्यांचा तो नेहमीचा फोटो. म्हणजे ठरवलेलं होतंच, फक्त माझा होकार हवा होता.

मी तिला एवढंच विचारलं, अर्ध्यावर गेल्यावर तुमच्यातल्या एकीचे पाय लटपटायला लागले तर परत कशा याल? उंची किती, चढायला किती तास, नाश्ता मिळतो का, हे सगळे विचारतात. उतरणीचं कोणी विचारत नाही. वीस-बावीस वर्षं सह्याद्रीत भटकून मी आता सगळ्या वाटा याच एका हिशेबाने लावतो, आणि हा हिशेब मांडला की क्रम पार उलटापालटा होतो.

आधी कलावंतीणच घेऊ. पनवेलहून ठाकूरवाडीला जायचं, तिथून चढ. उंची सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे आकड्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रबळमाचीपर्यंत दीड-दोन तासांची मळलेली वाट आहे. माचीवर घरं आहेत, चहा-पोहे मिळतात, राहायचीही सोय होते. माचीच्या पुढे प्रबळगड आणि कलावंतीण यांच्यामधल्या खिंडीत पोचलात की त्या फोटोतल्या पायऱ्या लागतात. कातळात खोदलेल्या, काही चांगल्या गुडघाभर उंच, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला हवा. चढताना नजर पुढच्या पायरीवर असते, त्यामुळे काही जाणवत नाही. उतरताना मात्र पायरीच्या कडेपलीकडे थेट दरी दिसते, आणि पाऊल टाकायची जागा आपल्याच गुडघ्याआड लपते. एकदा माझ्यापुढे एक धडधाकट पोरगा अख्ख्या पायऱ्या बसून उतरला. खाली पोचेपर्यंत त्याच्या नव्या जीन्सची पार्श्वभूमी उरली नव्हती. मला त्याला हसावंसं वाटलं नाही, कारण तो शहाणपणाने उतरत होता.

खरा त्रास गर्दीचा. रविवारी दहाच्या सुमाराला वर जाणारे आणि खाली येणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात. मग डोंगराकडची बाजू कोणी धरायची आणि हवेकडची कोणी? जायचंच असेल तर शनिवारी संध्याकाळी माची गाठा, उजाडता उजाडता पायऱ्यांना लागा आणि आठच्या आत खिंडीत परत या. माथ्याआधी एक छोटा कातळटप्पा आहे, तिथे हातपाय दोन्ही लावावे लागतात. त्याच्या खालून परत फिरलात तरी दृश्यात फारसं काही हुकत नाही. पावसाळ्यात जाऊच नका. प्रशासन तेव्हा बहुधा बंदी घालतंच, पण बंदी नसली तरीही. वरून समोर इर्शाळगड दिसतो. जुलै २०२३ मध्ये त्याच्या अंगावरच्या इर्शाळवाडीवर रात्री दरड आली. या डोंगरांचा उतार पावसात काय करू शकतो ते तिथे उभं राहिलं की समजावून सांगावं लागत नाही.

राजमाचीचं सगळंच निराळं. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधे उधेवाडी गाव, आणि गावात पोचायच्या दोन वाटा. दोन वाटांचे दोन स्वभाव. लोणावळ्याकडची वाट लांब, साधारण पंधरा किलोमीटर, पण बरीचशी सपाट. पाय दुखतील, छाती भरून येणार नाही. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट छोटी आणि उभी, तीन-चार तासांत दम काढणारी. या वाटेवर कोंढाण्याची बौद्ध लेणी लागतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात लाकूडकाम वाटावं असं दगडात कोरलंय, आणि एका झिजलेल्या मूर्तीशेजारच्या ब्राह्मी लेखात म्हटलंय की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांमागच्या कारागिराची ही सही. वर पोचायच्या घाईत निम्मे लोक तिच्यासमोर केळी खाऊन निघून जातात.

परतीच्या हिशेबात राजमाची वरचढ ठरते, कारण वाटेत कुठेही "बास, फिरूया" म्हणता येतं. शिवाय गाव वर आहे. पाय मुरगळला तर झोपायला घर आहे, पिठलं-भाकरी आहे, आणि पाऊस नसताना लोणावळ्याच्या बाजूने जीप येते. पण लोणावळ्याकडून चढून कोंदिवड्याला, म्हणजे चढताना न पाहिलेल्या वाटेने, उतरायचा मोह आवरा, निदान पहिल्या वेळी. ती उतरण माझ्या अंगावर एकदा आली आहे. बूट माळ्यावर तीन वर्षं पडून होते, वरून ठणठणीत. पण सोलचा गोंद सुकून गेलेला. लेण्यांच्या वरच्या घसाऱ्यात उजवा सोल पुढून सुटला आणि पावलागणिक फटाक फटाक वाजायला लागला. सॅकच्या पट्टीची नाडी काढून तो पंजाला बांधला, दर दहा मिनिटांनी नाडी झिजून तुटायची आणि मी परत गाठ मारायचो. दीड तासाच्या उतरणीला साडेतीन तास लागले. तेव्हापासून जाण्याच्या आदल्या दिवशी बूट घालून इमारतीचे जिने दोनदा चढतो-उतरतो.

आता दोर. नवख्यांना वाटतं प्रस्तरारोहण हे सगळ्यात शेवटी करायचं, ट्रेकमध्ये मुरल्यावर. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बेलापूरला किंवा मुंब्र्याच्या डोंगरात मुंबईचे क्लाइंबर वर्षानुवर्षं सराव करत आलेत. वरून दोर लावलेला, तुम्ही हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट घातलेलं, खाली तुमचा दोर सांभाळणारा माणूस. पंधरा फुटांवर हात थरथरायला लागले तर "लोअर" म्हणायचं, तो अलगद खाली सोडतो. कलावंतिणीच्या पायरीवर असं म्हणायची सोय नाही. दिसायला सगळ्यात भयंकर आणि परतीला सगळ्यात सोपं, असं हे प्रकरण आहे. अट एकच, दोर लावणारा जाणता हवा. आपला दगड बेसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक बसलेला. टणक थर कडा होऊन उभा राहतो आणि मऊ थर झिजून त्यावर गवत माजतं. म्हणूनच धरायला मजबूत वाटलेली कपार कधी कधी सरळ हातात येते. एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेच्या सरावाला जा. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून चाळीस जणांची बस भरणाऱ्यांकडे आधी विचारा की दर किती माणसांमागे एक लीडर आहे. उत्तर द्यायला वेळ लागला तर तेच उत्तर समजा.

खंडाळ्याच्या नागफणीवरून रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, मात्र यात धरू नका. कुरवंड्याकडून चालत माथ्यावर जाणं सोपं आहे, पण एकदा कड्याच्या धारेवरून मागे झुकलात की रस्ता फक्त खालचा.

नदीचंही तसंच, पण वेगळ्या अर्थाने. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते उन्हाळ्यातही, आणि त्याचं कारण पाऊस नाही, वीज आहे. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि तिथून कुंडलिकेत सोडतात. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत मुळशी सत्याग्रह केला होता. त्या बुडालेल्या गावांवरचं पाणी आज आपल्याला नदीत उड्या मारायला मिळतं, हे राफ्टमध्ये बसताना कोणी सांगत नाही. पाणी साधारण सकाळी सुटतं, म्हणून मुंबईहून पहाटे चार-साडेचारला निघावं लागतं. अंतर दहा-बारा किलोमीटर, रॅपिड म्हणजे खळाळते टप्पे मध्यम. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेटवर निभावतं, पण गाइडची आज्ञा मात्र ऐकावी लागते. वल्ह्याच्या मुठीवरचा हात सोडू नका असं तो दहादा बजावतो, ते पाण्यासाठी नसतं. ती सुटी मूठ शेजारच्याच्या दातांवर बसते.

मधेच परत फिरता येत नाही, पण प्रवाह तुम्हाला शेवटपर्यंत आणून सोडतोच, थकलात तरी. खरी परतीची परीक्षा नंतर, गोवा महामार्गावर. २०११ पासून रुंद होत असलेला हा रस्ता रविवारी संध्याकाळी पेण-वडखळच्या पट्ट्यात तुमची सगळी मजा परत घेतो. गाडी नसेल तर दिवा-रोहा मेमू आहे, पण सकाळच्या पाण्याची वेळ तिने गाठणं अवघडच, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आला. संथ पाण्यात स्वतः वल्हवायचं असेल तर पवनेच्या जलाशयात कयाक बरी. सकाळीच करा, दुपारी समोरून वारा सुटला की किनारा जवळ येतच नाही.

कळसूबाईचं भाचीने विचारलं होतं, ते एका वाक्यात: १६४६ मीटर, शिड्यांना कठडे आहेत, परत फिरणं सोपं, पण बारी गाव कसाऱ्याच्याही बरंच पुढे, तेव्हा एका दिवसात उरकायचा अट्टहास नको.

चौघींपैकी दोघी कधीच डोंगरात गेलेल्या नाहीत, म्हणून मी तिला सांगितलं: या वेळी कोंदिवड्यातून राजमाची, चढ तोच आणि उतार तोच, दुपारी दोनला गावातून खाली निघायचं. एखादा सुट्टीचा शनिवार मिळाला तर बेलापूरचा दोर. कलावंतीण पुढच्या वर्षी, माचीवर मुक्काम करून. लोणावळ्याच्या बाजूने मुळीच नको, कारण रविवारी संध्याकाळी पुण्याकडून येणाऱ्या गाड्या तिथे भरूनच येतात आणि चिखलाच्या बुटांनी दाराशी उभं राहून कल्याण गाठावं लागतं. कर्जतहून लोकल सुटते, रिकामी. खिडकी मिळते, समोरच्या बाकाखाली बूट काढून ठेवता येतात, आणि भिवपुरी यायच्या आत चौघीतल्या तिघी झोपलेल्या असतात.