मलिदा, हलवा, लाटके की डोनट: ॲलर्जीवाल्या पोरांसाठी सणाला नक्की काय करायचं

आधी आमच्या घरची परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माझ्या मुलीला सिलिॲक आहे, ग्लूटेन (गव्हा-जवातलं प्रोटीन) चालत नाही, म्हणजे गहू, जव, मैदा, रवा सगळं बंद. जावेच्या मुलाला अंडं आणि काजू-पिस्ता चालत नाही. नणंद इस्राएलमध्ये अश्दोदला असते, तिच्या धाकटीला दूध आणि तीळ दोन्हीची ॲलर्जी, आणि तिथे तर तिळाशिवाय पान हलत नाही, ताहिनी (तिळाची पेस्ट) काय, तिळाचा हलवा काय. ही तिन्ही पोरं सणाला एका टेबलावर बसली की तिघांना तीन वेगळी ताटं करण्यात आईचा सण संपतो. तर गेल्या काही वर्षांत मी बरंच काही करून पाहिलं, बरंच काही फेकलं पण, आणि त्यातून जे कळलं ते इथे शेजारी शेजारी ठेवते, तुम्ही तुमच्या पोराप्रमाणे ठरवा.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मी सुरुवातीला फोनवर बघून बघून बाहेरच्या ज्यू रेसिप्या ग्लूटेन-फ्री करत बसले होते, हा गम आणा, ते पीठ आणा, आणि आजीच्या डब्यातल्या गोष्टी बाजूलाच राहिल्या होत्या. आमच्याकडे मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून जेवणानंतरचं गोड आधीपासूनच नारळाच्या दुधात. कोकणातलं घर म्हणून तांदूळ. अंडं तर गोडात फारसं नाहीच. म्हणजे तीन-चार ॲलर्ज्यांचं काम आज्ज्यांनी न ठरवताच करून ठेवलेलं. पण त्यात पण खाचाखोचा आहेत, सगळंच डोळे झाकून देता येत नाही.

मलिदा आणि चिकाचा हलवा

पहिली तुलना ह्या दोघांचीच, कारण बहुतेक घरात प्रश्न हाच असतो.

मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. एलियाहू हन्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने करतो, नवस फेडायला, लग्नाच्या आधी, बाळ झालं की, तू बिश्वातला (झाडांच्या सणाला) तर हवाच. अलिबागकडे खंडाळ्याला एलियाहूच्या ठिकाणी जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको. गॅस पेटवायचा नाही, 15 मिनिटांत होतो, आणि 4 वर्षांचं पोर पण हाताने कालवू शकतं, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. माझं प्रमाण: 2 वाट्या जाडे पोहे धुवून निथळून, 1 वाटी खोबरं, पाऊण वाटी गूळ. दूध नाही, अंडं नाही, गहू नाही.

अडचण सुक्यामेव्याची. पद्धत म्हणून बदाम-पिस्ते वर पडतातच आणि मोठी माणसं हातात वाटी घेऊन उभीच असतात, "अगं थोडेसे टाकते वर." नाही टाकायचे. आमच्याकडे आता बदाम वेगळ्या बशीत, ज्याला हवे त्याने स्वतःच्या ताटात घ्यावे. मलिद्यात बेदाणे, खजूर आणि भोपळ्याच्या बिया. बिया पण पाकीट बघूनच, एकाच कारखान्यात काजू पण भरत असतील तर तसं छापलेलं असतं.

खोबऱ्याबद्दल लोक हमखास विचारतात की नट ॲलर्जी असेल तर नारळ चालतो का. बहुतेकांना चालतो, नारळ हा काजू-अक्रोडाच्या वर्गातला नाही, अमेरिकेने तर 2025 ला त्यांच्या ॲलर्जीच्या यादीतल्या नट्समधून नारळ काढूनच टाकला. पण काही मुलांना नारळाचीच वेगळी ॲलर्जी असते. तेव्हा पहिल्यांदा देताना डॉक्टरला विचारून, आणि सणाच्या गर्दीत नाही, घरी निवांत.

आता हलवा. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशनाला, ज्यू नववर्षाला, चिकाचा हलवा. आणि इथेच मी फसले होते. चीक कशाचा? गव्हाचा! गहू भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा चीक काढतात तोच कुरडयांना लागतो तो. सिलिॲकवाल्या पोराला हा अजिबात नाही. धुतला तरी गव्हाचाच. आमच्या एका मावशींनी मला पटवायचा प्रयत्न केला होता की चिकात "गव्हाचं काही राहतच नाही", प्रेमानेच सांगत होत्या, पण नाही.

पण आजकाल निम्म्या घरात गव्हाचा चीक कोण काढत बसतंय, कॉर्नफ्लॉवर नाहीतर चायनाग्रास घालतात, आणि ही दोन्ही आमच्या कामाची. कॉर्नफ्लॉवरचा: 1 वाटी कॉर्नफ्लॉवर, 5 वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, थोडा रंग. मंद गॅसवर ढवळत राहायचं, कडा सोडेपर्यंत, हात भरून येतो पण 35-40 मिनिटं सुटका नाही. चायनाग्रासचा त्यामानाने सोपा, भिजवून उकळून विरघळवायचं, साखर आणि नारळाचं दूध घालायचं, ताटात ओतायचं, झालं. पण चव? खरं सांगायचं तर चायनाग्रासवाला जेलीसारखा लागतो, कापताना छान दिसतो, तोंडात ती चिवट मजा नाही. मुलांना फरक पडत नाही, सासऱ्यांना पडतो.

मग दोघांत काय निवडायचं? वेळ नसेल, पोरांना सोबत घ्यायचं असेल तर मलिदा. पण मलिदा ओल्या खोबऱ्याचा, उन्हाळ्यात चार तासांत आंबतो, शाळेत किंवा प्रवासात द्यायचा असेल तर हलवाच बरा, तो फ्रीजमध्ये 3-4 दिवस टिकतो. आणि ज्यांच्या पोराला टाइप 1 डायबेटिस आहे त्यांना हलव्याचा अजून एक फायदा, तो वजन करून एकसारख्या वड्यांत कापता येतो, एका वडीत किती कार्ब्स हे एकदा काढून ठेवलं की इन्सुलिनचा हिशोब सोपा. मलिद्याची मूठ कोण मोजणार.

एक सावधगिरी जी मी चुकून शिकले. घाईत नारळाच्या दुधाची पावडर वापरली होती, नणंदेच्या धाकटीने हलवा खाल्ला आणि तासाभरात अंगावर गांध्या. पाकीट उलटून पाहिलं तर बारीक अक्षरात सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रोटीन. नारळाच्या पावडरीत दूध असेल असं कुणाच्या डोक्यात येईल? चूक माझी, वाचायला हवं होतं. तेव्हापासून ताजा नारळ, नाहीतर ज्यावर फक्त नारळ आणि पाणी लिहिलंय तो डबा.

हनुकाला लाटके की डोनट

हनुका हा आपल्या आज्ज्यांचा सण नव्हेच मुळात. कोकणात आलेल्या आपल्या लोकांना हा सण माहीतच नव्हता, फार नंतर बाहेरच्या ज्यूंकडून कळला, म्हणून त्याचा खास कोकणी पदार्थ पण नाही. गंमत म्हणजे गावात आपल्याला म्हणायचे शनवार तेली, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, तेलाच्या घाण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या, आणि तेलाचा चमत्कार ज्या सणाला साजरा करतात तोच नेमका ठाऊक नाही! असो. आता 8 दिवस रोज दिवे लावायचे आणि तळलेलं खायचं हे पोरांना फार आवडतं, त्यामुळे सुटका नाही.

सुफगानियोत म्हणजे जॅम भरलेले डोनट, अश्दोदला सणाच्या कितीतरी आधीपासून दुकानं भरलेली असतात. मैदा, यीस्ट, अंडं, दूध किंवा लोणी, म्हणजे आमच्या तिन्ही पोरांचे शत्रू एकाच गोळ्यात. मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तांदूळ आणि टॅपिओकाचं पीठ, इसबगोल घालून चिकटपणा आणला, अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवून. फुगले, तेलात सोडले, बाहेरून लाल, आतून कच्चे. दुसऱ्यांदा लहान केले तर आत जॅम जाईना. ज्यांच्या पोराला फक्त अंडं किंवा फक्त दूध चालत नाही त्यांनी सुफगानियोत खुशाल करावेत, मैद्याचं पीठ अंड्याशिवाय पण चांगलं फुगतं, नारळाच्या नाहीतर सोयाच्या दुधात भिजवा. पण गहूच बंद असेल तर माझं ऐका, नादी लागू नका.

त्याऐवजी मी पिकलेल्या केळ्याचे गुलगुले करते. 2 केळी, 1 वाटी तांदळाचं पीठ, 3 चमचे गूळ, वेलची, चमच्याने तेलात सोडायचे, वरून पिठीसाखर. डोनट नव्हेत ते, पण पिठीसाखर पाहिली की पोरं भांडत नाहीत. गरम असतानाच संपवा, गार झाले की दगड.

लाटके मात्र वेगळीच गोष्ट. किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपीठं म्हणा. मूळ कृतीत अंडं आणि थोडा मैदा किंवा मात्साचा (न फुगवलेल्या गव्हाच्या पोळीचा) चुरा असतो, पण दोन्ही लागत नाहीत, हे मला स्वतःला करून बघेपर्यंत पटत नव्हतं. 4 बटाटे किसा, मीठ लावून फडक्यात घट्ट पिळा, पिळलेलं पाणी फेकू नका, 10 मिनिटं तसंच ठेवा. वरचं लालसर पाणी ओतून द्या, तळाला जो पांढराशुभ्र थर बसतो ना तो परत किसात घाला. तो बटाट्याचा चीकच! गव्हाच्या चिकाने जे काम हलव्यात होतं तेच इथे बटाट्याचा करतो, सगळं धरून ठेवतो. बारीक कांदा, 2 चमचे तांदळाचं पीठ, आणि थोड्या तेलात पातळ पसरून तळा. जाड केले तर मधे मोडतात.

त्यामुळे गहू-अंडं-दूध तिन्ही बंद असलेल्या घराला लाटके, बिनधास्त. त्याच्याबरोबर सावर क्रीम देतात ते सोडा, सफरचंद शिजवून चेचून द्या. खजूर-चिंचेची चटणी पण मस्त लागते पण विकतच्या चटणीत हिंग असतो आणि हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, हे सिलिॲकवाल्यांनी लक्षात ठेवा. आणि ज्या तेलात आधी समोसे तळलेत त्या तेलात लाटके तळून उपयोग नाही, मग बाकी सगळी मेहनत पाण्यात.

चॉकलेटची सोनेरी नाणी वाटतात हनुकाला, ती दुधाची असतात आणि डार्क असली तरी दूध-नट्सचा अंश असू शकतो. आम्ही खरी 5 रुपयांची नाणी देतो, पोरं जास्त खूश.

पुरीमला हामानचे कान की पुरण

पुरीमला आपण होळीचा सण म्हणायचो, दोन्ही आसपासच येतात, आणि घरात पुरणपोळी. बाहेरच्या ज्यूंकडे हामानताशेन, पुरीमच्या गोष्टीतल्या दुष्ट हामानच्या नावाची त्रिकोणी बिस्किटं, कुणी त्याला हामानचे कान म्हणतं, आत खसखस किंवा जॅम. बिस्किटाचं पीठ ग्लूटेन-फ्री केलं की लाटताना चिरा, दुमडताना चिरा, ओव्हनमध्ये उघडून जॅम बाहेर. दिसायला वाईट, चवीला ठीक. केलेच तर पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून दोन प्लास्टिकच्या मधे लाटा, आणि जॅमऐवजी घट्ट खजूर भरा, तो पळत नाही.

पुरणपोळी गहू नसताना लाटणं हे तर ज्याचं त्याला माहीत. मी शेवटी मधला मार्ग काढला: उकड. मोदकासारखी तांदळाची उकड काढायची, हाताने गोल पारी थापायची, मधे चमचाभर पुरण आणि तीन बाजूंनी उचलून वर चिमटायचं. 10-12 मिनिटं वाफ. हुबेहूब हामानची टोपी! गहू नाही, अंडं नाही, तुपाऐवजी खोबरेल तेलाचा हात लावला की दूध नाही. पोरं याला हामानचा मोदक म्हणतात. हामानताशेनच्या कुरकुरीतपणाची सर नाही, आणि डब्यात नेता येत नाही, पण घरी खायला मला तरी यापुढे बिस्किटं नकोत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना डाळी पण त्रास देतात, त्यांना पुरणाऐवजी गूळ-खोबरं.

पेसाख, म्हणजे आंबवलेलं न खाण्याचा सण, थोडक्यात, कारण तिथे ॲलर्जीपेक्षा नियमच जास्त. गहू, जव, राय, ओट, स्पेल्ट यांचं फुगलेलं-आंबलेलं काहीच नाही, त्यामुळे सिलिॲकवाल्यांना हा आठवडा उलट सोपा, दुकानात बटाट्याच्या स्टार्चचे पदार्थ मिळतात, फक्त मात्साचा चुरा नाही ना ते बघा. कोकोनट मॅकरून सगळीकडे असतात, गहू नाही, दूध नाही, पण अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणजे जावेचा मुलगा बाद. त्याच्यापेक्षा खजुराचं हरोसेत (पेसाखच्या ताटातलं गोड चाटण) बरं, त्यात अक्रोड टाकू नका एवढंच. आपण पेसाखला भात खातो, पण पाहुणे अश्केनाझी (युरोपकडचे ज्यू) असतील तर त्यांच्यात बरेच जण तांदूळ, मका, डाळी खात नाहीत, म्हणजे तुमचा कॉर्नफ्लॉवरचा हलवा त्यांना चालणार नाही, आधी विचारून ठेवा.

रोश हशनाचं सफरचंद आणि मध सगळ्यात सोपं, पण 1 वर्षाखालच्या बाळाच्या जिभेला मध लावायचा मोह आवरा, डॉक्टर ठाम नाही म्हणतात. खजूर भिजवून शिजवा, गाळा, थोडा आटवा, तोच मधाच्या जागी.

आणि वर इतक्या वेळा तांदळाचं पीठ म्हटलंय, ते गिरणीतून आणू नका. तुमच्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतोच आणि जात्यात तो राहतोच. मी तांदूळ धुवून सुकवून घरी मिक्सरला काढते, दोनदा चाळते, आणि डब्यावर मुलीचं नाव लिहिते. त्या डब्यात दुसरा चमचा घातला की ती स्वतःच ओरडते आता.