धातूंचे भाव दाखवणारं अ‍ॅप: नऊ महिन्यांनंतर

सोनं, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या पाचांचे भाव दाखवणारं एक अ‍ॅप नऊ महिने रोज उघडतोय. आपल्याकडचा धातू आणि त्याचं वजन भरलं की आजची किंमत समोर, एवढंच त्याचं काम. पहिला घोळ मात्र मीच घातला.

माझ्याकडे दहा औंसांची चांदीची लगड आहे. घरातल्या काट्यावर ठेवली, आकडा आला १०.९७. मी खूश! तोच भरला आणि दोन महिने जवळजवळ दहा टक्के फुगलेली चांदी बघत बसलो. काटा २८.३५ ग्रॅमचा साधा औंस दाखवत होता. हे धातू मोजतात ट्रॉय औंसात, तो ३१.१०३५ ग्रॅमचा. अ‍ॅपमध्ये ग्रॅमचा पर्याय पहिल्यापासून होता. तोच वापरा.

सोन्याचांदीबद्दल तक्रार नाही. सतत हलणाऱ्या भावाखाली लंडनच्या बाजारात रोज ठरवला जाणारा भावही दिसतो: सोन्याचा तिथल्या वेळेनुसार सकाळी १०.३० आणि दुपारी ३ वाजता, चांदीचा दुपारी १२ ला. मी आता तेवढाच बघतो. हलता आकडा बघून नुसती धडधड वाढते.

रोडियमची रेघ बघून अ‍ॅप अडकलंय असंच वाटलं होतं. दिवसेंदिवस सपाट, मग एकदम पायरी. वाचल्यावर कळलं, दोष अ‍ॅपचा नाही. सोन्यासारखा रोडियमचा वायदेबाजार नाही. रिफायनऱ्या आणि मोजके व्यापारी जो भाव सांगतात तोच भाव. त्यातून जगातला बहुतेक रोडियम दक्षिण आफ्रिकेतून येतो, तोही मुख्यतः प्लॅटिनम काढताना सोबत मिळणारा. भाव चढला म्हणून नुसता रोडियम जास्त खणता येत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला मात्र तो लागतोच. जुना आलेख उघडला तर २०२१ च्या वसंतात तो सोन्याच्या पंधरापटीहून महाग दिसतो आणि २०२३ च्या मध्यात जेमतेम दुपटीवर. अ‍ॅपमधलं सगळ्यात बघण्यासारखं पान हेच. (नाही, माझ्याकडे रोडियम नाही. ते बरंच झालं.)

खरी अडचण विकताना आली. पाचव्या महिन्यात प्लॅटिनमची एक छोटी पट्टी काढायला गेलो, फोनवर आकडा तयार ठेवून. घेणाऱ्याने तो बघितलाही नाही. पट्टी तपासली, घट कापली आणि त्याचा खरेदीभाव सांगितला, तो स्क्रीनवरच्या भावाच्या बराच खाली. दुसरीकडे विचारलं तर प्लॅटिनम घेतच नाही म्हणाले. सोनं १०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनमला १७६८ लागतात; ती भट्टी सगळ्यांकडे नसते. शिवाय ती पट्टी घेताना मी घडणावळीपोटी बाजारभावाच्या वर पैसे मोजले होते, आणि तुकडा लहान तितका हा बोजा ग्रॅममागे जास्त. अ‍ॅपच्या ‘एकूण मूल्य’ या ठळक आकड्यात ना ते दिसतं, ना हे.

आणखी एक खटकणारी गोष्ट: शनिवार-रविवार बाजार बंद असतो, तरी शुक्रवारच्या भावाखाली चालू वेळ छापून येते.

तरी अ‍ॅप काढून टाकलेलं नाही. प्रत्येक नोंदीला ‘इतके टक्के वजा’ असा एक रकाना द्या, असं त्यांना दोनदा कळवलंय. तोवर मी ग्रॅमच मुद्दाम कमी भरतो.