हुगळीवरची सात रात्रींची बोट : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत आईला घेऊन कोलकाता ते मुर्शिदाबाद क्रूझ केली. नोकरीमुळे मी कोलकात्यातच राहतो. त्यामुळे नंतरच्या आठ महिन्यांत वाटेतली बरीच गावं लोकलने पुन्हा पाहता आली आणि बोटीने काय दिलं, काय नाही, हे नीट कळलं.

ही गावं नदीकडे तोंड करून वसलेली आहेत. एकेकाळी श्रीरामपूर डेन्मार्कचं, चंदननगर फ्रेंचांचं, चुंचुडा डचांचं. स्टेशनवरून गेलात की बाजार आणि टोटोंच्या (ई-रिक्षांच्या) गर्दीतून वाट काढत घाटावर पोचता. बोटीतून आधी घाट दिसतो, मग व्हरांडे, मग चर्चचा कळस. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल वाटले.

तक्रार आहे ती वेळेची. श्रीरामपूरला जेमतेम दीड तास मिळाला. इंग्रज मिशनरी विल्यम केरीच्या मराठी व्याकरणाचं पुस्तक १८०५ साली इथेच छापलं गेलं, १८१० मध्ये मराठी कोश निघाला, तोही मोडी अक्षरांत. या कामात पंडित वैजनाथ शर्मांची मोठी मदत होती. आमच्या गाईडने यातलं काहीच सांगितलं नाही. मार्चमध्ये मी एकटा परत गेलो, १८१८ चं कॉलेज पाहिलं, केरीची कबर शोधून काढली. मराठी माणसाने इथे अर्धा दिवस हाताशी ठेवावाच.

काल्ना मात्र निवांत पाहिलं. १८०९ ची १०८ शिवमंदिरं दोन वर्तुळांत उभी आहेत, बाहेर ७४, आत ३४. शेजारच्या प्रतापेश्वर मंदिराच्या भाजलेल्या मातीच्या नक्षीपुढून आई हलेचना. मुर्शिदाबादचा हजारदुआरी राजवाडा भव्य आहे, पण गर्दी फार.

मनात राहिलं ते काटवा. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकरांच्या मराठा फौजेचा तळ याच भागात होता. आपल्या बारगिरांना, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांना, बंगालमध्ये बर्गी म्हणतात, आणि त्यांच्या लुटीची आठवण तिथल्या अंगाईत अजून आहे. आम्ही साताऱ्याचे म्हटल्यावर बोटीवरच्या एका बंगाली आजींनी ती म्हणून दाखवली. आवाजात राग अजिबात नव्हता. आई बराच वेळ त्यांचा हात धरून बसली होती. शाळेत आम्ही ही स्वारी पराक्रम म्हणून शिकलो. घरं जळाली त्यांची बाजू मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकू आली.

ज्येष्ठांना नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. नवद्वीपच्या आसपासपर्यंत नदीला भरती-ओहोटी असते. ओहोटीला घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर चिखल असतो, आणि बोटीतून उतरायला फळी टाकतात. खलाशांनी प्रत्येक वेळी आईला दोन्ही बाजूंनी धरलं, तरी दोन गावांत ती उतरली नाही. बुकिंगच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखत असतील तर कुठल्या घाटाला जेटी आहे हे आधीच विचारून घ्या.

डिसेंबरात आईला पुन्हा श्रीरामपूरला नेणार आहे. या खेपेला लोकलने, सकाळी लवकर निघून.