टाइप आर म्हणून घेतलेली इंटेग्रा: ३५,२९५ डॉलरचा चुना

आकडा आधीच सांगतो: ३५,२९५ डॉलर. इसार ५००, बँकेचा चेक ३१,५००, पेनसिल्व्हेनियातून गाडी न्यू जर्सीला आणणाऱ्या ट्रकचे ६४०, विक्रीकर २,१२०, मेकॅनिकचे १८५ आणि आमचं रडगाणं ऐकून घेणाऱ्या वकिलाचे ३५०. बदल्यात दारात उभी आहे १९९८ ची अक्युरा इंटेग्रा आरएस. म्हणजे १४० हॉर्सपॉवरचं सगळ्यात साधं मॉडेल, वर टाइप आरचा, म्हणजे इंटेग्राच्या सगळ्यात वेगवान मॉडेलचा मुखवटा.

गोड बोलणं, "उद्या आणखी दोघं येतायत बघायला", हे प्रकार तुम्हाला माहीत आहेत. मलाही होते. मला गाडी विकणारा माणूस त्यात बसत नव्हता. घाई केली नाही, चहापाणी विचारलं, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागदही आधीच काढून ठेवला होता. गाडीबद्दल तर तो माझ्यापेक्षा जास्त जाणत होता, आणि घात तिथेच झाला.

होंडाने जपानमध्ये १९९५ साली इंटेग्रा टाइप आर काढली, १.८ लिटरच्या इंजिनातून २०० पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर. अमेरिकेत ती १९९७ मध्ये अक्युरा नावाने आली, १९५ हॉर्सपॉवर घेऊन, आणि पहिल्या वर्षी फक्त चॅम्पियनशिप व्हाइट रंगात. जपानी गाडीला समोर लांबट हेडलाइट, अमेरिकन आणि युरोपियन गाडीला चार गोल. जपानीत रेकारो कंपनीच्या लाल सीट, अमेरिकनमध्ये नाहीत. इंजिनावर जपानमध्ये नुसतं बी१८सी, अमेरिकेत बी१८सी५, युरोपात बी१८सी६. भारतात ही गाडी कधी विकायलाच आली नाही. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही ती व्हिडिओ गेममध्ये चालवली आणि असले फरक पाढ्यांसारखे पाठ केले. या माणसाने माझे तेच पाढे माझ्यावर उलटवले.

हेडलाइट लांबट का? "जपानहून मागवलेत." सीट रेकारो? "तेही तिकडचेच, पावत्या आहेत." इंजिनावर पाचचा आकडा नाही? "जपानी इंजिन बसवलंय, तुमच्या अमेरिकनपेक्षा पाच घोडे जास्तच." अमेरिकन टाइप आरच्या कन्सोलवर, म्हणजे पुढच्या दोन सीटमधल्या भागावर, क्रमांकाची पट्टी असते, ती कुठेय? "चोरीला जाते म्हणून घरात ठेवलीय." त्याचं प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं, कारण भाग खरोखर जपानी होते. खोटी होती ती गाडी.

आता चाकाचे नट. हे लिहिताना अजून हात शिवशिवतात. मी पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. चार नट. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "पाहिलंत? चार. जपानमधल्या सुरुवातीच्या टाइप आरना चारच होते, पाच ९८ पासून आले." अक्षरन् अक्षर खरं! मी मान डोलावली, वर "हो, माहितीय" असंही म्हणालो. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, काचेतून स्टिअरिंग दिसत होतं. डावीकडे. जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं हे शेंबडं पोरही सांगेल. अमेरिकेतल्या टाइप आरला पहिल्या दिवसापासून पाच नट आहेत. डावं स्टिअरिंग आणि चार नट असलेली टाइप आर होंडाने कुठल्याच देशासाठी बनवलेली नाही. विषय तिथेच संपत होता.

मी आंधळेपणाने पैसे दिले असं कृपा करून कुणी म्हणू नका. काचेखालचा चेसिस नंबर टायटलशी ताडून पाहिला, सतराच्या सतरा अक्षरं जुळली. सगळे हेच सांगतात ना, नंबर जुळवा? जुळवला. तो नंबर नुसता जुळवायचा नसतो, वाचायचा असतो, हे कोण सांगतं? अमेरिकन टाइप आरचा नंबर जेएच४डीसी२३१ ने सुरू होतो. माझा सुरू होतो जेएच४डीसी४ ने. गाडीचा इतिहास-अहवाल त्याने टॅबलेटवर दाखवला, वर ठळक "टाइप आर". तोच अहवाल नंतर मी विकत घेतला, साधारण ४५ डॉलरला. त्यात "आरएस" आहे. विकणाऱ्याच्या स्क्रीनवरचा अहवाल म्हणजे शून्य.

किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. कमी चाललेल्या खऱ्या टाइप आर लिलावात ६० हजारांच्या वर गेल्या आहेत. ही १,१८,००० मैल चाललेली, म्हणून ३२,००० पटले.

बिंग फुटलं ते न्यू जर्सीच्या तपासणीत. १९९६ पासूनच्या गाडीला इथे यंत्र जोडून तिच्या इंजिनाचा संगणक वाचतात. जपानी संगणक त्या यंत्राशी बोलेचना. मेकॅनिकने डिकीतला गालिचा उचलला. खाली थंड, साधा पांढरा रंग, वर पिवळसर चॅम्पियनशिप व्हाइटचा थर. डिकीतला गालिचा घेण्याआधी उचलायचा असतो, लक्षात ठेवा.

मग सुरू झाली सरकारी टोलवाटोलवी. माझ्या गावचे पोलीस म्हणाले, व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, टायटल खरं, नंबर खरा, गाडी चोरीची नाही, मग गुन्हा कसला? दिवाणी कोर्टात जा. टॅबलेटवरच्या खोट्या अहवालाबद्दल विचारलं तर "त्याचा फोटो आहे का?" ग्राहक संरक्षणवाले म्हणतात, खाजगी विक्रेता आमच्या कक्षेत येत नाही. सेकंडहँड गाड्यांचा न्यू जर्सीचा कायदा फक्त डीलरला लागू, तोही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. ऑनलाइन तक्रार केली, पोचपावतीचा क्रमांक आला, बस्स. पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कोर्टाची मर्यादा १२,००० डॉलर. त्यावर मोठं कोर्ट, आणि वकिलाला आगाऊ ५,०००. विक्रीकर मात्र टाइप आरच्या किमतीवर एका मिनिटात कापून घेतला, तेव्हा कुणी कक्षा विचारली नाही!

वकिलाने नेमकी दुखरी नस दाबली: विक्रीच्या कागदावर "टाइप आर" हे शब्दच नाहीत. "१९९८ अक्युरा इंटेग्रा, आहे त्या स्थितीत", एवढंच. लबाडीला ते वाक्य झाकू शकत नाही म्हणे, पण लबाडी सिद्ध तर व्हायला हवी. आणि जाहिरात त्याने त्याच संध्याकाळी काढून टाकली. म्हणून फोन लावायच्या आधी जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, आणि मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर त्याच्या हाताने लिहून घ्या. तो काचकूच करू लागला तर इसारावर पाणी सोडून निघा.

ग्राहक खात्यातल्या बाई फोन ठेवताना एवढंच म्हणाल्या, की हा माणूस परवान्याशिवाय गाड्या विकण्याचा धंदा करतो असं दिसलं, म्हणजे दुसराही कुणी तक्रारदार पुढे आला, तर फाइल उघडता येईल. तेव्हा पूर्व पेनसिल्व्हेनियात कुणाला पांढरी, लांबट हेडलाइटची, डाव्या स्टिअरिंगची "टाइप आर" दाखवली गेली असेल, घेतली नसली तरी, मला कळवा. त्याच्या गॅरेजात मागच्या बाजूला ताडपत्रीखाली आणखी एक इंटेग्रा होती.