घरपोच रक्ततपासणी, आठ महिन्यांचा अनुभव (आणि दोन रुपयांचं फॉइल)

लेकीला बिलिअरी अट्रेशिया, म्हणजे लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद. ५३व्या दिवशी मुंबईत कसाई ऑपरेशन झालं (कसाई हे जपानी डॉक्टरांचं नाव; यात आतडं थेट लिव्हरला जोडून पित्ताला वाट करून देतात), आता सव्वा वर्षाची आहे. दर महिन्याला रक्त तपासायचं, देवगडहून प्रत्येक वेळी मुंबई कशी परवडणार, म्हणून हे घरी येऊन सॅम्पल नेणारे लावले.

मे महिन्यात रिपोर्ट आला, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १.९ वरून थेट १.१! सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. पण त्याच कागदावर जीजीटी (पित्त अडलं की वाढणारं लिव्हरचं एन्झाइम) ३१० वरून ४६० आणि पोरीची शी परत फिकट, शाडूसारखी. दोन दिवसांनी अंग तापलं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं, सॅम्पल उन्हातून गेलं का? उजेडात बिलिरुबिन विरतं, आकडा खोटा कमी येतो, नळी काळ्या कागदात नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळायची असते. आणि आमच्या नळ्या बाइकला अडकवलेल्या पारदर्शक डब्यातून, मेच्या उन्हात, दोन तास! परत काढलं, झाकून पाठवलं, २.६. कोलँजायटिस, म्हणजे पित्ताच्या नळ्यांना इन्फेक्शन निघालं, ॲडमिट करून अँटिबायोटिक द्यावं लागलं. पोरीला दुसऱ्यांदा टोचलं आणि वर त्याचे पैसेही पुन्हा घेतले, तक्रारीला उत्तर काय तर "पॉलिसी आहे". दोन रुपयांच्या फॉइलसाठी!

पॅकेजबद्दल थोडक्यात. मोठं फुल बॉडी घेऊ नका, पैसे वाया. टोटलबरोबर डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की वाढतं ते), जीजीटी, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आहे ना बघा, प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) वेगळे सांगावे लागतात. एसजीओटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम) आणि प्लेटलेटवरून डॉक्टर एपीआरआय नावाचा आकडा काढतात, लिव्हरमध्ये चट्टे किती वाढलेत त्याचा अंदाज येतो. त्यात त्या लॅबची नॉर्मलची वरची मर्यादा धरतात, म्हणून लॅब सारखी बदलू नका. आणि काढताना रक्तातल्या पेशी फुटल्या तर एसजीओटी उगाच वाढतं, तेही विचारून घ्या.

एकच स्टार देणार होते. पण सॅम्पल नेणारा दादा, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं तेव्हा गप्प ऐकून घेतलं, आणि जूनपासून स्वतःच्या खिशातून फॉइल आणतो, दारातूनच सांगतो, "ताई, आणलंय हां." पोरीची शीर इतकी बारीक, तरी तिचा पंजा आपल्या तळहातावर धरून ऊब देतो आणि एका टोचण्यात काढतो, मुंबईत तीनदा टोचायचे. म्हणून तीन स्टार, तिन्ही त्याचे. दुसऱ्यांदा घेतलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.