स्टीममधली 'मूव्ह'ची सोय: गेम नव्या एसएसडीवर, तोही परत डाउनलोड न करता

पाचपैकी साडेचार. स्टीम म्हणजे पीसीवरचे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप. त्यावर टाकलेला गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायची सोय त्या अ‍ॅपमध्येच आहे, आणि तिला मी एवढे मार्क देते. अर्धा कुठं कापला ते पुढं येईलच. सोय फुकट आहे, बऱ्याच वर्षांपासून आहे. तरी आमच्या सांगलीत एवढ्या कामासाठी लोक पीसी उचलून दुकानात नेतात, पैसे मोजतात आणि वर घरी येऊन शंभर-सव्वाशे जीबीचा गेम परत उतरवत बसतात. ते बघून जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. सौदे, पट्ट्या, हमाली, तोलाई हे सगळं दिवसभर डोक्यात असतं, त्यामुळं रात्री जेवणं उरकली की तासभर गेम हा माझा हक्काचा वेळ. खेळते दोनच. एक युरो ट्रक सिम्युलेटर २, जो २०१२ साली आला आणि अजून त्यात नवे रस्ते, नवे देश येतच असतात. दुसरा रेड डेड रिडेम्प्शन २. पीसीवर तो २०१९च्या शेवटाला आला, आणि स्टीमच्या पानावर त्याला १५० जीबी जागा मोकळी ठेवा असं लिहिलेलं आहे. माझ्याकडं तो प्रत्यक्षात १२० जीबीच्या आसपास बसला होता. विंडोज छोट्या एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान असा, आत काही न फिरणारा ड्राइव्ह) आणि हे दोन्ही गेम १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर, अशी माझी मांडणी.

या डिस्कनं उन्हाळ्यात कुरकुर सुरू केली. रेड डेडमध्ये घोडा पळवत निघालं की मध्येच चित्र थिजायचं, आणि त्याच वेळी कॅबिनेटमधून कट्-कट् असा आवाज यायचा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं. एसएसडीसमोर निळं 'गुड' आणि हार्ड डिस्कसमोर पिवळं 'कॉशन'. खालच्या तक्त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळींवर पिवळा ठिपका होता. पहिल्या ओळीचा अर्थ असा, की डिस्कवरच्या काही जागा खराब झाल्यात आणि डिस्कनं त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरायला काढल्यात. दुसरीचा अर्थ, काही जागा नीट वाचताच येत नाहीयेत, त्यांचा निकाल अजून लागायचाय. ही दुसरी ओळ दिसली की थांबू नये. डिस्क आज चालतेय म्हणजे महिन्यानं चालेल असं नाही.

गावातल्या एका दुकानात विचारलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे उत्तर एकट्या त्यांचं नाही, बऱ्याच ठिकाणी हेच मिळतं. "ओ ताई, गेम असा उचलून नेता येत नसतोय. फॉरमॅट मारून सगळं परत टाकायला लागतंय. दीड हजार होतील, आणि गेम तुमचा तुम्ही घरी डाउनलोड करून घ्या." मी म्हटलं, "दादा, स्टीममध्ये मूव्ह आहे की." तर म्हणाले, "ते चालत नाही, करप्ट होतोय गेम."

हे ऐकून वाईट वाटलं, पण असं का म्हणतात तेही कळतं. सीडीवरून गेम टाकायचे दिवस होते तेव्हा इन्स्टॉलर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, गेम कुठल्या फोल्डरात आहे ते लिहून ठेवायचा. फोल्डर नुसता उचलून दुसरीकडं ठेवला की गेमला स्वतःचं घर सापडायचं नाही. स्टीम त्याच्यावर अवलंबून राहत नाही. प्रत्येक ड्राइव्हवर त्याची एक लायब्ररी असते, तिच्यात 'स्टीमअ‍ॅप्स' फोल्डर, त्यात 'कॉमन', आणि 'कॉमन'मध्ये एकेका गेमचा फोल्डर. शिवाय 'स्टीमअ‍ॅप्स'मध्येच प्रत्येक गेमची 'अ‍ॅपमॅनिफेस्ट' नावानं सुरू होणारी एक छोटी फाइल असते. तिच्या नावात त्या गेमचा नंबर असतो, ट्रकचा २२७३००, आणि रेड डेडचा ११७४१८०. गेम टाकलेला आहे, कुठल्या फोल्डरात आहे, किती अपडेट झालाय, हे सगळं या चिठ्ठीत. गेमचा फोल्डर आणि ही चिठ्ठी बरोबर गेली की स्टीमच्या दृष्टीनं गेम जागेवरच आहे. डेस्कटॉपवरचा शॉर्टकटसुद्धा स्टीमला हाच नंबर सांगतो, ड्राइव्हचं अक्षर सांगत नाही, त्यामुळं हलवल्यावर तो पण तसाच चालतो.

परत डाउनलोड का नको, याचा हिशेब सोपा आहे. आमच्याकडं ४० एमबीपीएसचं कनेक्शन, म्हणजे सेकंदाला फार तर ५ एमबी, कारण नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. १२० जीबी उतरवायला, नेट एका क्षणासाठीही मंदावलं नाही असं धरलं तरी, पावणेसात तासांच्या आसपास लागतात. तेच गेम जुन्या डिस्कवरून वाचून नव्या ड्राइव्हवर लिहायचा, आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल, तर वीस मिनिटांचं काम आहे. माझी डिस्क आजारी, तिला पाऊण तास लागला. तरी कुठं पावणेसात तास आणि कुठं पाऊण.

१ टीबीची साटा एसएसडी, म्हणजे केबलनं जोडायची, विश्रामबागेतून घेतली, अडीच इंची. पीसी बंद करून प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला आधी हात लावला म्हणजे अंगावरची स्टॅटिक निघून जाते, आणि बाजूचा पत्रा उघडला. आमचं घर यार्डाजवळ. फॅनच्या पात्यांवर, रॅमच्या खाचांत, पार प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये हळदीची बारीक पिवळी धूळ बसलेली. ती मऊ ब्रशनं झाडून काढली, मगच पुढं गेले. एसएसडीला दोन केबल लागतात, मदरबोर्डवरून येणारी अरुंद डेटाची आणि पॉवर सप्लायमधून येणारी रुंद. दोन्हींच्या तोंडाला आत एल आकाराची खाच असते, त्यामुळं उलटी बसतच नाही. जोर लावायची वेळ आली तर समजायचं की बाजू चुकतेय. आणि एक, डेटा केबल एसएसडीबरोबर बहुतेक वेळा येत नाही. दुकानातून निघतानाच वेगळी मागून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी परत चक्कर पडते.

नवा ड्राइव्ह लावून पीसी चालू केला की 'धिस पीसी'त तो दिसत नाही, आणि इथंच माणसं घाबरतात, माल खराब निघाला म्हणून दुकानात परत नेतात. खराब नसतो, कोरा असतो. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबायचं, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडायचं. ते स्वतःच विचारतं की हा नवा ड्राइव्ह इनिशियलाइज करायचा का. जीपीटी निवडायचं, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', फाइल सिस्टिम एनटीएफएस, आणि एक अक्षर. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतील. त्यात कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत.

आता मूळ सोय. स्टीम उघडायचं, सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'. वर ड्राइव्हचं नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की 'अ‍ॅड ड्राइव्ह' येतं, तिथं नवा ड्राइव्ह निवडायचा. मग परत जुन्या ड्राइव्हवर यायचं. खाली गेमची यादी असते, प्रत्येकासमोर किती जागा खातो ते लिहिलेलं. हवे त्यांच्यावर टिक करायची, खाली 'मूव्ह', कुठं न्यायचं ते विचारतं, झालं. एकच गेम हलवायचा असेल तर लायब्ररीत त्याच्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'इन्स्टॉल्ड फाइल्स', आणि 'मूव्ह इन्स्टॉल फोल्डर'.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की स्टीम आधी फाइली नव्या ठिकाणी कॉपी करतो आणि सगळं पोचल्यावरच जुन्या ठिकाणच्या पुसतो. मध्येच लाईट गेली तर गेम अधांतरी लटकत नाही. तरी सव्वाशे जीबी हलवताना पीसी यूपीएसवर असलेला बरा. ट्रकच्या गेमला मी स्टीमच्या वर्कशॉपमधून घेतलेले मॉड, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेल्या जादा गोष्टी, होत्या; ते 'वर्कशॉप' नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात, पण तेही गेमच्या मागोमाग आले.

हलवल्यावर एक काम न चुकता करा. 'इन्स्टॉल्ड फाइल्स'मध्येच 'व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स' आहे. त्यातून स्टीम एकेक फाइल तपासतो आणि जेवढी बिघडलेली असेल तेवढीच परत उतरवतो. माझी डिस्क वाचताना अडखळत होती, तेव्हा एखादी फाइल अर्धवट आली असण्याची भीती होती. रेड डेडमध्ये थोडा भाग बिघडलेला निघाला, तेवढाच परत डाउनलोड झाला, आणि गेम सुरू. 'करप्ट होतोय' या भीतीला हे सरळ उत्तर आहे.

सेव्हची, म्हणजे आपला खेळ कुठवर आलाय ते साठवणाऱ्या फाइलींची, गोष्ट मात्र वेगळी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. २०१९च्या पुरात आम्ही गावभागात राहायचो. आधीचा पीसी त्या पाण्यात गेला, आणि त्याच्याबरोबर ट्रकच्या गेममधली माझी कंपनी, गॅरेजं, कामाला ठेवलेले ड्रायव्हर, सगळं गेलं. गेम परत उतरवता येतो, ते मनापासून उभं केलेलं परत येत नाही. तेव्हापासून सेव्ह कुठं असतात ते मी पाठ करून ठेवलंय. ट्रकची प्रोफाइल आणि हातानं टाकलेले मॉड विंडोजच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या फोल्डरात असतात. रेड डेडचे सेव्ह 'डॉक्युमेंट्स'मध्येच, 'रॉकस्टार गेम्स'च्या आत. म्हणजे गेम हलवला तरी सेव्ह जागचे हलत नाहीत, त्यांना धक्का लागत नाही. पण दुकानात 'फॉरमॅट मारतो' म्हणतात तेव्हा पहिला घाव याच फोल्डरावर पडतो, आणि विचारायचं कुणाला सुचत नाही. पीसी कुणाच्याही हातात द्यायच्या आधी हे दोन फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. मॉड सोडले तर थोड्या जागेचा मामला आहे.

फरक किती पडला? रेड डेड सुरू करून खेळ प्रत्यक्ष हातात येईपर्यंत आधी दोन मिनिटांच्या वर जायची, आता अर्ध्या-पाऊण मिनिटात मी घोड्यावर असते. चित्र थिजणं बंद झालं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, वाढला नाही, आणि तो वाढणारही नव्हता, ते काम ग्राफिक्स कार्डाचं. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते. मदरबोर्डवर एनव्हीएमई चालणारी एम डॉट टूची जागा, म्हणजे केबलशिवाय थेट बसवायची खाच, असेल तर एनव्हीएमई एसएसडी घ्या, ती याच्या कितीतरी पट वेगवान. नसेल तर हळहळू नका, हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येणं हीच मोठी उडी आहे. हल्ली काही गेम एसएसडी सक्तीचीच मागतात. २०२५मध्ये जीटीए ५ची जी नवी 'एन्हान्स्ड' आवृत्ती पीसीवर आली, तिच्या गरजांच्या यादीत तर एसएसडी लागेलच असं लिहिलेलं आहे.

कापलेला अर्धा मार्क. एक तर हे बटण सेटिंग्जच्या पोटात आहे, ज्याला माहीत नाही त्याला ते कधी दिसणारच नाही. दुसरं, हलवून झाल्यावर 'आता तपासून घेऊ का' एवढं स्टीमनं आपणहून विचारायला हवं. ज्यांच्या डिस्क मरायला टेकल्यात तेच तर गेम हलवतात.

माझा धाकटा भाऊ तासगावला असतो, त्याच्याकडं नेट आमच्याहून हळू. त्याला रेड डेड देताना हाच मार्ग उपयोगी पडला. त्यानं गेम त्याच्या खात्यावर विकत घेतला, मी 'कॉमन'मधला फोल्डर पोर्टेबल ड्राइव्हवर दिला, त्यानं तो आपल्या लायब्ररीच्या 'कॉमन'मध्ये ठेवला आणि मग स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबलं. स्टीमला फाइली आधीच सापडल्या, त्यानं तपासल्या आणि कमी होतं तेवढंच उतरवलं. फक्त तो पोर्टेबल ड्राइव्ह फॅट३२चा नसावा, कारण त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही आणि कॉपी मध्येच अडते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवा. जुन्या हार्ड डिस्कवर आता मी काहीच ठेवत नाही, केबल काढून बाजूला केली आहे, आणि कुणी फुकट मागितली तरी देणार नाही.